कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. घरात कॅसेटींचा एक खोका आहे. आजोबांनी आणि वडिलांनी वेळोवेळी रेकॉर्ड केलेलं सगळं त्यात आहे, म्हणजे वसंत व्याख्यानमालेतली गोदाघाटावरची काही भाषणं, पंचवटीतल्या भजनी मंडळाच्या बैठका आणि आजीच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या. विकतच्या कॅसेटीही आहेत पण त्यातलं बहुतेक आता नेटवर मिळतं म्हणून त्या बाजूला ठेवल्या. बाकीच्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात. नेटवर शोधलं तर ऑडॅसिटी, वेवपॅड, गोल्डवेव, ओशनऑडिओ, रीपर अशी इतकी नावं आली की डोकं गरगरलं. लॅपटॉप विंडोजवाला, जुना, ४ जीबी रॅम. फुकट असेल तर उत्तम, आणि भजनं वेगवेगळी तोडता आली पाहिजेत. कोणी केलंय का हे? कुठलं घेऊ?

सातपूरकर
ऑडॅसिटी. धागा बंद करा.

तर्री_वेगळी
सातपूरकर +१.
आणि नाशिकचा धागा आहे म्हणून मिसळीचा विषय मीच काढून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला काढायला नको.

भद्रकालीचा_मेकॅनिक
सॉफ्टवेअर नंतर बघा हो. आधी सांगा, वाजवणार कशावर? मी टेप रिपेअरिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, लोक सॉफ्टवेअरवर चार रात्री घालवतात आणि हेडवर तपकिरी थर तसाच. कॉम्प्युटरवर जे जाणार ते हेडवरून जाणार. तिथं घाण असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवून हेड पुसा, मग कॅपस्टन, म्हणजे तो बारीक स्टीलचा फिरता दांडा, मग त्याला चिकटून फिरणारा रबरी रोलर. काडी काळी-तपकिरी होणं थांबेपर्यंत पुसायचं. थिनर किंवा सेंट लावू नका, रबराचं वाटोळं होतं. बेल्ट ढिला असेल तर बदला. काही जुने बेल्ट वितळून डांबरासारखे चिकट होतात, ते हाताला लागले की निघत नाहीत.

आता खरी गोष्ट. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, एक घट्ट बसवलेला असतो आणि दुसऱ्याखाली स्प्रिंग असते. स्प्रिंगवाला फिरवला की हेड किंचित कलतं. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याच्या हेडचा कल आणि तुमच्या हेडचा कल जुळला नाही तर आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो, वरचे सूर सगळे गायब. कॅसेट चालू ठेवून, बारीक स्क्रूड्रायव्हरनं अगदी हलका हलका फिरवा आणि "स", "श" कडे कान द्या. जिथं ते सगळ्यात धारदार ऐकू येतील तिथं थांबायचं. फिरवायच्या आधी स्क्रूच्या मूळ जागी मार्करनं खूण करून ठेवा. आजोबांच्या टेपवर भरलेल्या कॅसेटींना एक जागा, भजनी मंडळाच्या टेपवर भरलेल्यांना दुसरी, असं होणारच. याला कंटाळू नका. इथं गेलेला आवाज नंतर ट्रेबल वाढवून परत येत नाही, फक्त खरखर वाढते.

आणि प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवून घ्या. वर्षानुवर्षं पडून असलेली पट्टी एकमेकीला धरून बसलेली असते, ती सुटते.

सातपूरकर
काका, प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला.

गोदाकाठी
काका मनापासून धन्यवाद, ही स्क्रूची भानगड मला माहीतच नव्हती. प्लेअर म्हणजे वडिलांचा टू-इन-वन आहे, वाजतो. त्याला हेडफोनचं भोक आहे, लाईन आउट नाही. लॅपटॉपला एकच भोक आहे. मित्राकडची दोन्ही बाजूंनी पिन असलेली वायर लावून बघितली, काहीच येत नाही.

अंबड_एमआयडीसी
येणारच नाही. एकच भोक असलेल्या लॅपटॉपला चार कड्यांची पिन लागते, मोबाईलच्या हेडसेटसारखी. साध्या तीन कड्यांच्या पिनेतून लॅपटॉप फक्त आवाज बाहेर टाकतो. स्प्लिटर आणलात तरी तो माईकचा इनपुट आहे, म्हणजे मोनो, आणि इतका सेन्सिटिव्ह की हेडफोन आउटचा सिग्नल त्यात फाटतो.

यूएसबी साउंड कार्ड घ्या, पण पेनड्राइव्हएवढं ते स्वस्तवालं नको, त्यात बहुतेकदा माईकच असतो, लाईन-इन नसतो. लाल-पांढऱ्या सॉकेटवालं बघा. बेहरिंगरचं यूसीए २०२ हे त्यातलं साधं मॉडेल, १६ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत जातं आणि कॅसेटला तेवढं पुरून उरतं. हेडफोन आउटमधून घेताना टू-इन-वनचा बास-ट्रेबल मधोमध ठेवा, आवाज निम्म्याच्या आसपास. बाकी लेव्हल सॉफ्टवेअरच्या मीटरवर बघून.

अजून एक. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या इनपुटसाठी ऑडिओ एनहान्समेंट असतं, ते बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज तुमच्या भजनाला "मीटिंगमधला गोंगाट" समजून दाबत बसतं. टाळ तर पहिल्यांदा गायब.

इंदिरानगरची_मावशी
आम्ही एवढं काही केलं नाही बाई. टेप लावला, समोर मोबाईल धरला. सासऱ्यांचं कीर्तन आलं छान, फक्त पूर्वरंगात दोनदा कुकरची शिट्टी आहे आणि उत्तररंगात भंगारवाला.

तर्री_वेगळी
मावशी, पन्नास वर्षांनी नातवंडं त्या भंगारवाल्यासाठीच ते रेकॉर्डिंग जपतील 😄

जेलरोडकर
तो वॉकमनसारखा यूएसबीवाला डबा ऑनलाईन मिळतो, कॅसेट टाका नि थेट एमपी३, तो घेऊ नका हे सांगायला आलोय. मी मागवला होता. मोटर इतकी हलकी की तंबोऱ्याचा सूर पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं. सोबत आलेल्या सीडीत ऑडॅसिटीच निघाली, तीही कुठली तरी जुनी आवृत्ती. म्हणजे पैसे डब्याचे आणि सॉफ्टवेअर फुकटातलंच.

पेंग्विन_पंचवटी
ऑडॅसिटी चांगलं आहे यात वाद नाही, २००० सालापासून आहे, मुक्त स्रोत आहे. पण २०२१ मध्ये म्यूझ ग्रुपनं ते घेतलं आणि वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आणला, त्यावर केवढा गदारोळ झाला होता. लोकांनी कोड उचलून टेनॅसिटी नावाची वेगळी शाखा काढली. लिनक्सवर असाल तर तीही बघा.

सातपूरकर
अहो त्यांना आजीच्या ओव्या भरायच्यात, अणुबॉम्बचा फॉर्म्युला नाही.

पेंग्विन_पंचवटी
मुद्दा तत्त्वाचा आहे. असो. तो प्रस्ताव नंतर त्यांनी मागे घेतला हेही खरं. आणि फारच वाटलं तर वायफाय बंद करून रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीला रेकॉर्डिंगसाठी इंटरनेट लागतच नाही. तसंही रेकॉर्डिंग चालू असताना वायफाय, अँटिव्हायरस, ब्राउझर सगळं बंदच असलेलं बरं, ४ जीबीवर मध्येच अडखळलं तर आवाजाचा तुकडा पडतो आणि तो पडला हे कळतही नाही.

कॉलेजरोड_कट्टा
जुन्या लॅपटॉपसाठी माझं मत ओशनऑडिओला (स्पेलिंग ocenaudio). ब्राझीलच्या सांता कॅटरिना विद्यापीठातल्या लोकांनी सुरू केलेलं आहे, फुकट आहे (मुक्त स्रोत नाही, पेंग्विनभाऊ रागवू नका), हलकं आहे आणि इफेक्ट लावता लावता लगेच कानानं ऐकता येतो. ऑडॅसिटीचा चेहरा बघून माझ्या वडिलांनी लॅपटॉपच बंद केला होता, ओशनऑडिओ मात्र ते एकटे चालवतात.

गोल्डवेव १९९३ पासूनचं, चांगलंच आहे पण विकतचं. रीपर म्हणजे गाणी बनवणाऱ्यांचं हत्यार, ६० दिवस वापरून बघता येतं, पण कॅसेट भरायला त्याची काय गरज. वेवपॅडची घरगुती वापरासाठी फुकट आवृत्ती आहे, मी स्वतः फार वापरलेलं नाही.

अंबड_एमआयडीसी
ओशनऑडिओ एका फाईलवर काम करायला मस्त. पण गोदाकाठींना तोडायचंय. तिथं ऑडॅसिटीचे लेबल भारी पडतात. एक अख्खी बाजू ऐकत जायचं, जिथं नवीन भजन सुरू होतं तिथं कंट्रोल-एम दाबून नाव टाईप करायचं, मराठीतसुद्धा होतं. शेवटी एक्स्पोर्ट करताना "मल्टिपल फाईल्स" निवडलं की त्या नावांच्या फाईली एकदम बाहेर पडतात. शांतता ओळखून आपोआप लेबल लावायचीही सोय आहे, पण भजनात ती फसते, कारण दोन अभंगांच्या मध्ये शांतता कुठे असते? कोणीतरी खोकतंय, कोणी "चहा आला का" विचारतंय.

गोदाकाठी
आमच्या एका कॅसेटवर "अरे रेकॉर्डिंग चालू आहे, गप बसा" हे आजोबांचं वाक्य आहे, ते तोडणार नाही 😀
भजनं तोडायची तर ऑडॅसिटीच दिसतंय. आता खरखरीचं सांगा. नॉइज रिडक्शन करू का?

कॉलेजरोड_कट्टा
करा की. ऑडॅसिटीत सोपं आहे. फक्त खरखर असलेला एखादा सेकंद निवडा, "गेट नॉइज प्रोफाइल", मग सगळं निवडून लावा. ६ ते १२ डीबी पुरे.

काळी_दोन
थांबा थांबा. ओव्यांना हे अजिबात लावू नका!! नॉइज रिडक्शनला सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे नॉइज. जात्याची घरघर काय असते? सतत, एकसारखी. आमच्या भाच्यानं मामींच्या ओव्या अशाच "स्वच्छ" केल्या होत्या, सुरुवातीचा घरघरीचा तुकडाच प्रोफाइल म्हणून घेतला, जातं गेलं आणि मामी कुठल्यातरी पत्र्याच्या डब्यात बसून गातायत असा आवाज राहिला. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर असते हो, जातं काढलं तर उरलं काय.

कॉलेजरोड_कट्टा
काळी दोन, तुमच्या भाच्यानं तुकडा चुकीचा घेतला म्हणून इफेक्ट वाईट कसा? जातं थांबलेलं असताना फक्त टेपची हिस्स असते तिथला घ्यायचा.

काळी_दोन
तुकडा बरोबर घेतला तरी मी लावणार नाही. हिस्सची सवय कानाला दोन मिनिटांत होते, त्या पाण्याखालच्या बुडबुड्यांची होत नाही. ज्येष्ठांचं ऐकणं कमी झालेलं असतं त्यांना साफ आवाज हवा असतो हे मान्य, पण मग प्रतीवर करा.

भद्रकालीचा_मेकॅनिक
दोघंही बरोबर आहात. जसंच्या तसं भरलेलं वेगळं ठेवा, त्याला हात लावायचा नाही. जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवर. आणि खरखर नसून घूं असा आवाज येत असेल तर तो टेपचा नाही, तुमच्या वायरिंगचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर भरून बघा, बऱ्याचदा तिथंच जातो.

अंबड_एमआयडीसी
जसंच्या तसं म्हणजे वेव्ह फाईल, एमपी३ नाही. हिशोब सांगतो, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टीरिओला मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटं म्हणजे साधारण ४७५ एमबी. ऑडॅसिटी काम करताना ३२ बिटमध्ये धरतं म्हणून प्रोजेक्ट त्याच्या दुप्पट होतो, डिस्कवर तेवढी जागा मोकळी ठेवा. जागा कमी पडत असेल तर फ्लॅकमध्ये ठेवा, अंदाजे निम्मी होते आणि आवाजातलं काहीच जात नाही. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपी३ काढा.

लेव्हलचं राहिलं. सगळ्यात मोठा आवाज -६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. कमी भरलं तर नंतर वाढवता येतं, वर जाऊन फाटलं तर गेलं. भजनात शेवटच्या गजराला मृदंग आणि टाळ एकदम चढतात, त्यावर लेव्हल बसवा, सुरुवातीच्या "जय जय राम कृष्ण हरी" वर नको.

नाशिकरोड_लोकल
वाचतेय. माझ्याही घरी आहेत. ४५ मिनिटं समोर बसून राहावं लागतं का?

सातपूरकर
नाही ताई. ऑडॅसिटीत टायमर रेकॉर्ड आहे, ४७ मिनिटं लावा आणि भाजी आणायला जा. मध्ये लाईट गेली तर पुढच्या वेळी उघडल्यावर तिथपर्यंतचं परत देतं.

काळी_दोन
आता स्पीडचं कोणीच बोललं नाही. टू-इन-वनची मोटर जुनी झाली की कॅसेट हळू किंवा जलद चालते, आणि मूळ टेपही बॅटरी उतरलेला असू शकतो. भाषणात लक्षात येत नाही, भजनात येतं. भजनी मंडळाची पेटी अजून असेल तर बुवांना विचारा, तेव्हा कुठल्या पट्टीत गायचे. समजा पांढरी चारचं भजन टेपवर काळी तीनमध्ये ऐकू येतंय, म्हणजे टेप एका पट्टीनं जलद, साधारण ६ टक्के. ऑडॅसिटीत स्पीड आणि पिच एकत्र बदलणारा इफेक्ट आहे तोच लावा. नुसता पिच किंवा नुसता टेम्पो बदललात तर आवाज बनावट लागतो.

अंबड_एमआयडीसी
पेटी नसेल तर दुसरी युक्ती. मूळ रेकॉर्डिंग लाईटवर केलं असेल तर त्यात विजेचा घूं शिरलेला असतो, ५० हर्ट्झचा. स्पेक्ट्रम काढा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख. तो ५३ ला दिसला तर टेप ६ टक्के जलद. फक्त आत्ताच्या तुमच्या वायरिंगचा घूं बरोबर ५० ला येणार, तो वेगळा धरा.

भद्रकालीचा_मेकॅनिक
भाऊ, नव्वद सालाच्या आसपास आपल्याकडे ५० हर्ट्झ असायचे कुठे? संध्याकाळी लोड वाढला की फ्रिक्वेन्सी ४८-४९ पर्यंत उतरायची. तुमच्या युक्तीनं दोन ते चार टक्के फसाल. पेटीच बरी.

अंबड_एमआयडीसी
हा मुद्दा मान्य काका. पेटी नसेल तर आणि तरच.

सराफबाजार
आमच्या कॅसेटी २००८ च्या पुरात भिजल्या होत्या, दुकानाच्या माळ्यावरून खाली आणून ठेवल्या आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही आवराआवर करतो, तेव्हा कॅसेटींचं कोणाच्या डोक्यात येणार. वाळवून ठेवल्यात. खिडकीतून बघितलं तर पट्टीच्या कडेला पांढरं दिसतंय. वाजवू का?

भद्रकालीचा_मेकॅनिक
नका वाजवू! ती बुरशी आहे. एक वाजवली तर हेडवर, रोलरवर पसरणार आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीला लागणार. त्या वेगळ्या पिशवीत घाला. साफ करायला मास्क लावा, गॅलरीत बसा. कॅसेटीच्या प्लास्टिकच्या खोक्याला पाच स्क्रू असतील तर उघडतो, दोन्ही चाकांवरची पट्टी तशीच उचलून दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवायची, त्याआधी मऊ कोरड्या ब्रशनं कडा झाडायच्या. कुठून कशी फिरते त्याचा उघडल्या उघडल्या फोटो काढा. स्क्रू नसलेले, चिकटवलेले खोके असतात ते सांध्यावरून फोडावे लागतात. पट्टीवर गाळ असेल तर घरी हात लावू नका. आणि हो, पट्टीमागचं ते स्पंजचं पॅड बघा, पडलेलं असलं की आवाज खोल जातो. नको असलेल्या कॅसेटीतलं काढून लावता येतं.

सराफबाजार
काका तुम्ही करून द्याल का? मजुरी देईन.

भद्रकालीचा_मेकॅनिक
हात थरथरतात आता. तुम्ही करा, अडलं तर इथं विचारा, मी बघत असतो.

तर्री_वेगळी
भाषणांचं काय करणार गोदाकाठी? घाटावरची जुनी व्याख्यानं ऐकायला आम्हालाही आवडेल ना भो.

गोदाकाठी
टाकायची इच्छा आहे पण वक्त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नेटवर टाकणं बरं वाटत नाही. आधी भरून तर होऊ देत. सार्वजनिक वाचनालयात (सावाना) आणि व्याख्यानमालेच्या लोकांना विचारून बघेन, त्यांना प्रत हवी असेल तर.

तर ठरलं ते असं. लाल-पांढऱ्या सॉकेटचं कार्ड मागवलंय. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, लेबलांसाठी. भाषणं न तोडता, भजनं तोडून, ओव्या जशाच्या तशा जात्यासकट. आधी एका विकतच्या, नको असलेल्या कॅसेटीवर स्क्रूचा हात बसवतो, मग भाषणं, आणि ओव्या सगळ्यात शेवटी, सगळं जमायला लागल्यावर.

काळी_दोन
क्रम बरोबर आहे. फाईलच्या नावात साल, कोण, कुठली बाजू एवढं टाका, आणि कॅसेटीच्या कार्डावर आजोबांनी जे लिहिलंय त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. नुसतं "ट्रॅक ०१" राहिलं तर तुमच्या मुलांना काही कळणार नाही.

नाशिकरोड_लोकल
माझ्याकडे मॅक आहे, मॅकला पण हेच?

पेंग्विन_पंचवटी
हो, ऑडॅसिटी मॅकवर पण आहे आणि यूसीए २०२ लावलं की मॅक ते आपोआप ओळखतो, ड्रायव्हर लागत नाही. नुसतं भरायचं असेल तर क्विकटाईम प्लेअरमध्येही ऑडिओ रेकॉर्डिंग आहे, पण ते नेहमीच्या सेटिंगला दाबून साठवतं, म्हणून मूळ प्रत त्यात नको. पहिल्यांदा मायक्रोफोनची परवानगी मागेल, ती द्या, नाहीतर मीटर हलणारच नाही आणि तुम्ही वायर बदलत बसाल.